आवाजाची खूण

विधिमंडळाच्या सभागृहात, प्रेक्षकांच्या सज्जाच्या टोकाला, एक काचेची खोली होती. खोली कसली, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं दार लोटून बाहेरच थांबावं. आत एक कॅमेरा, एक उंच दिवा, मागं राखाडी भिंत आणि भिंतीला टेकवलेलं स्टूल. सभागृहात जे बोललं जाई ते कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकायचं आणि ऐकता ऐकता हातांनी खुणांच्या भाषेत सांगायचं, हे या खोलीतलं काम. लोक टीव्हीवर कामकाज बघत तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत हे हात दिसत.

ते हात धाकटीचे. कागदोपत्री तिला चांगलं लांबलचक नाव होतं. पण तिच्या थोरल्या भावाला, दादाला, जन्मापासून ऐकू येत नसे आणि त्यानं तिला लहानपणीच करंगळी उभी करून हाक मारायला सुरुवात केली होती. करंगळी म्हणजे धाकटी. मग आई तसंच म्हणू लागली आणि पुढं ऑफिसातही तेच नाव पडलं.

तिच्याबरोबर पाळीपाळीनं उभे राहणारे दुसरे दुभाषे म्हणजे काका. हात भरून येतात म्हणून दोघं थोड्या थोड्या वेळानं बदलत. एक उभा असला की दुसरा स्टुलावर. काकांची निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे त्यांची जीभ सैल सुटली होती.

काकांनीच तिला पहिल्या दिवशी कामाचे नियम शिकवले होते. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. ‘मंत्री असं म्हणतात की’ वगैरे जोडायचं नाही. तो चिडून बोलला तर आपला चेहरा चिडलेला, तो लाडीगोडी लावत असला तर आपण लाडीगोडी लावायची. आणि आवाज केवढा झाला तेही दाखवायचं. बारीक आवाजाला तळवे छातीपाशी जरासे उघडायचे, मोठ्या आवाजाला खांद्यांपर्यंत, गदारोळ झाला तर डोक्याच्या वर.

“ऐकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं न ऐकणाऱ्यालाही कळलं पाहिजे,” काका म्हणाले होते. “एक दाणा कमी नाही, एक जास्त नाही. आपण नुसता नळ. पाणी गढूळ आलं तर गढूळच सोडायचं.”

त्या दिवशी सभागृहापुढं स्वच्छ निवडणुकांचा आंतरराष्ट्रीय करार होता. पुष्कळ देशांनी मिळून तो लिहिला होता. निवडणूक कशी घ्यावी, मोजणी कुणासमोर करावी, प्रचाराला कुठवर मुभा असावी, अशी त्यात एकामागून एक कलमं होती. करार मान्य करायचा की नाही हे सभागृहानं ठरवायचं होतं. एखादं कलम नको असेल तर तेवढं वगळून बाकीचा करार स्वीकारायचीही सोय होती.

धाकटीचं सगळं लक्ष अकराव्या कलमावर होतं. ते अगदी लहान होतं. प्रत्येक मतदार आपलं मत स्वतःच्या हातानं, एकट्यानं आणि गुप्तपणे देईल, एवढंच त्यात म्हटलं होतं.

त्यांच्या देशातला कायदा वेगळा होता. मतदान केंद्रावरचा अधिकारी सूचना मोठ्यानं वाचून दाखवी आणि मतदारानं मोठ्यानं ‘समजलं’ म्हणायचं असे. ज्याला ऐकता-बोलता येत नाही त्याला ते कसं जमणार? म्हणून त्याच्या वतीनं त्याच्या रक्ताच्या नातेवाइकानं मत द्यायचं. आणि पडद्याआड एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, हा गुप्ततेचा नियम. त्यामुळे दादा पडद्याबाहेर उभा राही आणि धाकटी आत जाई. शाई दादाच्या बोटाला, शिक्का धाकटीच्या हातात.

पूर्वी हे काम आई करायची. तेव्हा आई जिथं शिक्का मारील तिथं दादाचं मत. दादानं कधी विचारलं नाही आणि आईला विचारावंसं वाटलं नाही. पण धाकटी जाऊ लागली तोवर दादाला स्वतःची आवड-निवड झाली होती, आणि ती नेमकी धाकटीच्या उलट होती. दादाला मिशीवाला उमेदवार आवडे. धाकटीला तो माणूस डोळ्यांसमोर नको असे.

“त्या मिशीवाल्यात तू बघतोस तरी काय?” तिनं एकदा विचारलं होतं. “मिशीखाली त्याचे ओठसुद्धा दिसत नाहीत.”

“म्हणून तर बरं आहे,” दादा हातांनी म्हणाला. “तो थापा मारतो त्या मला वाचता येत नाहीत.”

गेल्या निवडणुकीत मिशीवाला थोडक्यात पडला. दादाच्या केंद्रावर तर अगदी थोडक्यात. केंद्राच्या फाटकापाशी दादानं तिला विचारलं होतं, “त्यालाच मारलास ना शिक्का?” ती म्हणाली होती, “त्यालाच.” आणि निकाल लागल्यावर त्यानं पुन्हा विचारलं. मग दिवाळखोरी जाहीर झालेल्या माणसाकडे बघावं तसं तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ठेवतो मी विश्वास.” पोतं उचलून बाजूला ठेवावं तसं त्यानं ते म्हटलं.

तिनं शिक्का मिशीवाल्यालाच मारला होता. हात जड झाला होता, पण मारला होता. आता हे दाखवायचं कसं? घडी घातलेले कागद पेटीत पडले की सगळे सारखेच. जन्मभर शपथा घेतल्या तरी दादाच्या मनातलं ते बारीक कुसळ निघणार नव्हतं, आणि दर निवडणुकीला नवं रुतणार होतं. दादाला एकदा तरी एकट्याला पडद्याआड जायचं होतं. आणि धाकटीला त्या पडद्याच्या बाहेर उभं राहायचं होतं.

चर्चेच्या दिवशी सकाळी ती दादाच्या कारखान्यावरून गेली. लाकडी फर्निचरला पॉलिश करण्याचा तो कारखाना. तिथल्या कारागिरांपैकी बरेच जण न ऐकणारे होते. दादा एका खुर्चीच्या पाठीवर चिंध्यांचा बोळा गोल गोल फिरवत होता.

“मालकानं आज टीव्ही लावायचं कबूल केलंय,” तो म्हणाला. “सगळे बघणार आहोत. तू कुणाच्या बाजूनं बोलणार?”

“सगळ्यांच्या.”

“म्हणजे नेहमीसारखी दोन तोंडांनी.”

“दोन हातांनी,” ती म्हणाली आणि निघाली.

तिला भरवसा होता तो डॉक्टरीणबाईंचा. विरोधी पक्षाच्या या सदस्य. इतक्या वर्षांत काचेच्या खोलीचा जिना चढून आलेल्या त्या एकट्याच. अकराव्या कलमाचा अर्थ त्यांनी धाकटीकडून नीट समजावून घेतला होता, दादाची हकीगत ऐकली होती आणि जाताना म्हणाल्या होत्या, “सरकार ते कलम गाळायला बघणार. आवाजी मतदानाला टाकतील. मी उठून मोजणी मागेन, तुम्ही निश्चिंत राहा.”

आवाजी मतदान म्हणजे असं: अध्यक्ष विचारतात, बाजूच्यांनी ‘होय’ म्हणा. सगळे एकदम ओरडतात. मग विचारतात, विरोधातल्यांनी ‘नाही’ म्हणा. तेही ओरडतात. कुणाचा आवाज मोठा ते अध्यक्ष कानानं ठरवतात आणि सांगतात. तसं सांगितल्यावर ते जरा थांबतात. त्या थांबण्यात एखाद्या सदस्यानं उठून ‘मोजणी’ एवढं म्हटलं की माणसं मोजावी लागतात. कुणीच उठलं नाही तर जे सांगितलं तेच ठरलं.

दुपारी चर्चा सुरू झाली. कराराच्या विरोधात कुणीच नव्हतं. जो उठे तो त्याचं कौतुक करी आणि मग घसा खाकरून ‘फक्त’ म्हणे.

“करार उत्तमच आहे,” सत्ताधारी बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले. “फक्त बाहेरच्यांनी येऊन आम्हाला निवडणुका शिकवाव्यात, इतकं काही आपण कुक्कुलं बाळ नाही.”

“घ्या,” स्टुलावरून काका पुटपुटले. “यांचीच निवडणूक रद्द होऊन तीनदा घ्यावी लागली होती. पाठ व्हायला वेळ लागला.”

धाकटीला हसता येत नव्हतं. तिचा चेहरा त्या क्षणी त्या गृहस्थांचा होता.

मग मंत्री उठले. आवाज मऊ, बोलणं सावकाश. “अकराव्या कलमामागची भावना मला मान्य आहे. माझ्या मतदारसंघातही असे बांधव आहेत. फार निरागस असतात हो ते. त्यांना एकट्याला पडद्याआड सोडलं तर ते गोंधळतील. त्यांच्या पाठीशी त्यांचं घर उभं आहे. ती माया मी कायद्यानं तोडू का?”

धाकटीच्या हातांनी ते सगळं सांगितलं. मी. माझे बांधव. निरागस. निरागसची खूण करताना चेहरा कौतुकानं भरावा लागतो, लहान बाळाकडे बघावं तसा. तिनं तो भरला. कारखान्यात दादा बघत होता.

“आणि एकट्यानं मत द्यायचं म्हणाल,” मंत्र्यांनी पुढं ओढलं, “तर मला तरी कुठं देता येतं? आमच्या घरात मंडळी सांगतील तिथंच शिक्का.”

सभागृह हसलं. धाकटीनं हसू दाखवलं, खांद्यांपर्यंतचं, पोट धरून हसणारं. ते तितकंच मोठं होतं.

डॉक्टरीणबाईंनी उत्तर दिलं, चांगलं दिलं. “डोळे आहेत, बोटं आहेत, अक्कल आहे. मत द्यायला आणखी काय लागतं? सूचना मोठ्यानं वाचता, त्या लिहून का लावत नाही? ‘समजलं’ म्हणायला मान डोलवली तर काय बिघडतं?” धाकटीला ते सांगताना हात हलके झाल्यासारखे वाटले. मागच्या बाकांवरून बाकं वाजली. आणि तिच्या लक्षात आलं की काही सत्ताधारी सदस्यही वाजवताहेत, नव्यानं निवडून आलेले, अजून कुठं गप्प बसायचं ते न कळलेले.

मध्ये चहाची सुट्टी झाली. काका म्हणाले, “पाळी बदलू या. तू दमलीस.” ती म्हणाली, “मतदान होईपर्यंत मीच उभी राहते.” काकांनी तिच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

सुट्टी संपल्यावर डॉक्टरीणबाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. त्यांच्या पक्षाचे नेते त्यांच्याकडे वाकून काहीतरी सांगत होते. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला.

अध्यक्ष म्हणाले, “अकरावं कलम वगळून करार स्वीकारावा, असा प्रस्ताव आहे. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं.”

पुढच्या बाकांवरून आवाज आला. धाकटीचे तळवे छातीच्या जरा वर उघडले.

“प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं.”

हा आवाज मागून उठला. नव्या सदस्यांचा, विरोधकांचा, बायकांचा पातळ आवाज वर तरंगत होता. कानातल्या यंत्रात तो असा घुमला की धाकटीनं डोळे किंचित मिटले. तिचे हात आपोआप खांद्यांच्या वर गेले आणि पूर्ण उघडले.

अध्यक्षांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. “माझ्या मते होकाराचा आवाज मोठा आहे.”

धाकटीनं तेही सांगितलं. मी. माझ्या मते. होकार मोठा.

अध्यक्ष थांबले. सभागृह इतकं शांत झालं की कुणाची तरी खुर्ची करकरली ती यंत्रातून ऐकू आली. धाकटी डॉक्टरीणबाईंकडे बघत होती. बाई टेबलावरच्या पेल्याकडे बघत होत्या. काचेपलीकडून एक शब्द ओरडायला किती वेळ लागतो? धाकटीला बोलता येत होतं, ऐकू येत होतं, ती त्या छताखाली उभी होती. आणि तिचं तोंड उघडलं असतं तरी ते कुणाचंच तोंड नव्हतं.

“प्रस्ताव मंजूर,” अध्यक्ष म्हणाले. “करार स्वीकारण्यात येत आहे.”

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. धाकटीनं टाळ्या दाखवल्या.

जिन्याखाली डॉक्टरीणबाई तिची वाट बघत होत्या.

“तुम्ही रागावला असाल,” त्या म्हणाल्या.

“मी कोण रागावणार, बाई.”

“मोजणी मागितली असती तर ते अख्खा करारच पुढच्या अधिवेशनावर ढकलणार होते. तसा निरोपच आला. मग काहीच हाती लागलं नसतं. आता बाकीची कलमं तरी पदरात पडली. मतमोजणी उघड्यावर होईल, हे काय थोडं आहे? अकराव्यासाठी मी स्वतंत्र विधेयक आणीन.”

“कधी?”

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आणीन,” त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा चेहरा सुकलेला होता. धाकटीला वाटलं, ही बाई भली आहे, आणि त्याचा काहीच उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसारण विभागाच्या साहेबांनी बोलावलं. काकाही बरोबर गेले, कुणी बोलावलं नसताना. साहेबांनी दार लावून घेतलं.

“काल मतदानाच्या वेळी तुम्ही नकाराचा आवाज मोठा दाखवलात,” ते म्हणाले. “आणि अध्यक्षांनी होकार मोठा आहे असं सांगितलं. लोकांनी ते दोन्ही पाहिलं. ऐकू न येणाऱ्यांच्या संघटनेनं विचारणा केलीय की खरा आवाज कुठला. अध्यक्षांचं कार्यालय म्हणतं, तुम्ही त्यांना खोटं पाडलंत.”

“मी ऐकलं तेच दाखवलं, साहेब.”

“बाई, तुम्ही काय ऐकलंत त्याला काही अर्थ नाही. सभागृहात काय ऐकू आलं ते अध्यक्ष ठरवतात. नियमच तसा आहे.”

“मग ध्वनिमुद्रण लावून बघा,” काका म्हणाले. “यंत्राला तर पक्ष नसतो.”

“काका, तुम्हाला दोन महिन्यांनी हारतुरे मिळायचेत. ते घ्या आणि सुखानं घरी जा.” साहेबांनी कपाळ चोळलं. मग त्यांनी धाकटीपुढं कागद सरकवला. त्यावर एकच ओळ टाइप केलेली होती: आवाजाची खूण दाखवताना दुभाषीकडून चूक झाली. “आज कामकाज सुरू व्हायच्या आधी हे तुम्ही चौकटीतून सांगायचं. तुम्हीच. चेहरा तोच हवा, म्हणतात.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तुमची नोकरी जाईल असं मी म्हणत नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर मी तुमच्या बाजूनं भांडलो असतो.” साहेब हळू आवाजात बोलू लागले. “वर असं चाललंय की ही चौकटच काढून टाकावी. फार वाद होतात म्हणे. नाहीतरी किती लोक बघतात? मी कसंबसं थोपवलंय. ही एक ओळ गेली तर चौकट राहते.”

त्या चौकटीसाठी दादा आणि त्याचे सोबती विधिमंडळाच्या पायऱ्यांवर एक अख्खा उन्हाळा बसले होते. घोषणा देता येत नाहीत म्हणून पोलिसांनी त्यांना हटवलंही नव्हतं. कुणाला त्रासच नव्हता त्यांचा. चौकट मिळाली त्या दिवशी दादानं कारखान्यात पेढे नव्हेत तर पॉलिशचे नवे ब्रश वाटले होते, प्रत्येकाला एक.

“मी करतो हे,” काका जिन्यात म्हणाले. “मला काय, चार दिवस राहिलेत. माझ्या नावावर टाक.”

“चेहरा तोच हवा, काका.”

काका काचेच्या खोलीच्या दारापर्यंत आले. “आपण नुसता नळ असं मी तुला सांगितलं होतं,” ते म्हणाले. त्यांनी दार लावून घेतलं.

दिवा लागला. धाकटीनं कॅमेऱ्याकडे बघून ती ओळ सांगितली. दुभाषी. आवाज. खूण. चूक. माझी. इतक्या वर्षांत त्या चौकटीत तिनं पहिल्यांदाच स्वतःसाठी ‘मी’ वापरला होता.

काम संपल्यावर ती कारखान्यावर गेली. ऊन अजून होतं. दाराशी वाळत ठेवलेल्या खुर्च्या ओळीनं उभ्या होत्या. आत सगळे कामात होते. टीव्ही बंद होता. तिला बघून दोघा-तिघांनी मान हलवली आणि पुन्हा खाली घातली. दादा लांबट टेबलाच्या पायाला सँडपेपर घासत होता. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यानं हात पुसले.

“काल एक सांगितलंस,” तो म्हणाला. “आज दुसरं. खरं कुठलं?”

“कालचं. ‘नाही’ मोठं होतं.”

“नक्की?”

“नक्की, दादा. बरंच मोठं होतं. एखाद्या बहिऱ्याला…” ती थांबली.

“म्हण ना. बहिऱ्यालासुद्धा ऐकू आलं असतं. पण मला नाही आलं.” त्याच्या चेहऱ्यावर थट्टा आली आणि लगेच गेली. “मग आज खोटं का बोललीस?”

“चौकट बंद करणार होते.”

त्याला ते पटत होतं. पटतंय हे तिला दिसत होतं आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली.

“चौकट राहिली,” तो म्हणाला. “आता तिच्यात मी बघायचं काय?”

“मी जे सांगेन ते.”

“हो. तू जे सांगशील ते.” त्यानं टेबलाच्या पायावरून बोट फिरवलं, भुसा फुंकला. “आज तुझा चेहरा बघत होतो मी. खोटं बोलताना तो कसा होतो ते मला बघायचं होतं. काहीच झालं नाही त्याला. मला वाटायचं, तू खोटं बोललीस तर मला कळेल. लहानपणापासून बघतोय तो चेहरा. नाही कळलं.”

“दादा, ते काम आहे. तसा चेहरा ठेवायला शिकवतात आम्हाला.”

“माहीत आहे. म्हणून तुझा राग नाही.”

“मिशीवाल्याचं म्हणत असशील तर मी…”

“मी काही म्हणालो का?”

“तुझ्या मनात आहे.”

“मनात आहे ते मी काढू कुठून? करारानं निघणार होतं, तो त्या कलमावाचून झाला.” तो हळूहळू, एकेक खूण सुटी करत बोलत होता, जसा तो अनोळखी माणसांशी बोले. “पुढच्या निवडणुकीला मी येणार नाही.”

“एक मत वाया जाईल.”

“आजवर कुठं गेलं ते तुला माहीत. मला नाही.”

तिचे हात वर आले. आईची शपथ, असं ती म्हणणार होती. मग तिला वाटलं, शपथेची खूणही हे हातच करणार, हाच चेहरा. ते हात तसेच अर्धवट राहिले, आणि तेवढ्यात दादानं सँडपेपर उचलला आणि तो टेबलाच्या पायाशी खाली वाकला.

न ऐकणाऱ्या माणसानं नजर खाली घातली की बोलणं संपतं. मागून हाक मारता येत नाही, आणखी एक वाक्य कानावर टाकता येत नाही. फक्त एकच उपाय असतो. जमीन लाकडी असेल तर पाय आपटायचा. हादरा पायांतून वर जातो आणि माणूस बघतो.

धाकटीनं पाय आपटला.

फळ्या हादरल्या. कारखान्यातल्या सगळ्यांनी माना वर केल्या आणि ती काय सांगते ते बघत राहिले. दादाचा हात क्षणभर थांबला. मग तो पुन्हा घासू लागला, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, एकसारखा, आणि त्यानं वर पाहिलं नाही.